चंद्रभानची उतारावरची स्कूटर

चंद्रभान स्कूटरवर ज्याच्या घरी पाहुणा म्हणून जायचा, त्याच्या दारापुढे उतार असायचाच. नात्यागोत्यात ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. नागपुरात अजनीच्या पुलाजवळ राहणाऱ्या मावसभावाकडे तो उठसूट जायचा. सेमिनरी हिलच्या पायथ्याशी एक दूरचा मामा होता, इतका दूरचा की नातं सांगता सांगता धाप लागावी, पण त्याच्याकडे दिवाळीचा फराळ हटकून व्हायचा. आणि सख्खी मोठी बहीण भीमाबाई नंदनवनात राहायची. तिकडची जमीन तव्यासारखी सपाट. तिच्याकडे मात्र राखीलासुद्धा हा सायकलवर.

"माह्या घरी येतानी तुह्या स्कूटरले काय होते रे?" भीमाबाई विचारायची. "गरिबाचं घर चालत नाही का तिले?"

"तब्येतीले बरी रायते वं बाई, सायकल," असं म्हणून तो खाली मान घालून पोहे खायचा.

खरी गोष्ट अशी होती की चंद्रभानकडून स्कूटरला किक लागत नव्हती.

आता यात लाजण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. पण लाज अशी विचारून थोडीच लागते. कोणाला टकलाची लागते, कोणाला बायकोच्या उंचीची, कोणाला बापाच्या धंद्याची. याला किकची लागली.

चंद्रभान जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होता. गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली. तेव्हा नवीन स्कूटरला नंबर लावावा लागे, आणि पोरगं पाळण्यात असताना लावलेला नंबर ते पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागलं तरी येत नसे. म्हणून त्याने बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची जुनी गाडी घेतली. फिकट निळा रंग, पुढच्या मडगार्डला एक पोचा, आणि सीटच्या कोपऱ्यातून काथ्या डोकावायचा. हनुमाननगरातल्या त्या गल्लीत ती दुसरी स्कूटर. पहिली शेजारच्या रविंद्रची.

गाडी घरी आली त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली होती. हळदीकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. रविंद्रची बायको सत्यवती म्हणाली, "आता चालू करून दाखवा, भाऊ." चंद्रभानने ऐटीत पाय उचलला, किकवर मारला, आणि त्या किकने असा उलटा फटका दिला की थेट नडगीवर बसला. "आई गं!" करून तो पेढ्याच्या ताटाशेजारी खालीच बसला. लोक हसले, पेढे खाऊन आपापल्या घरी गेले आणि विसरले.

चंद्रभान विसरला नाही. तेव्हापासून त्याचा पाय अर्ध्यावरूनच माघारी फिरायचा. आंघोळीचं पाणी किती कढत आहे ते पाहायला बोट बुडवावं, तशी ती किक. सक्करदऱ्याच्या चौकातल्या मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, आणि एका पायाने गाडी सुरू करून म्हणाला, "भाऊ, गाडी टनाटन आहे." घरी आणून पाहिली तर पुन्हा तेच. स्कूटर ढिम्म, आणि चंद्रभान घामाघूम.

एक दिवस तो असाच घरापुढच्या छपरीत किक मारत नाचत होता. कचेरीची वेळ टळत चालली होती. त्याची बायको प्रेमिला पिठाच्या हाताने बाहेर आली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "सरका."

प्रेमिला भिवापूरकडची, मिरचीवाल्या शेतकऱ्याची लेक. तिच्या बापाच्या, नत्थूजीच्या विहिरीवर ऑईल इंजन होतं. पोरगी दहा-बारा वर्षांची असतानाच नत्थूजीने तिच्या हातात त्याचं हँडल दिलं होतं. आधी हळू फिरवायचं, जड लागलं की थांबायचं, आणि मग जीव लावून झटका द्यायचा, एवढीच त्यातली खुबी. तिने किकवर पाय ठेवून हळूच दाबला, जड लागलं तिथे थांबली, पाय वर घेतला आणि दण्णकन मारला. गाडी धडधडायला लागली. सारी छपरी धुराने भरली.

चंद्रभानला आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याने पहिलं काय केलं, तर दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. गल्लीत कोणी नव्हतं. त्याने जाऊन कडी लावून घेतली, आणि मग बायकोला म्हणाला, "हे कोणाले सांगू नको वं."

तेव्हापासून रोजचा तो नेम झाला. डबा भरला की प्रेमिला छपरीचं दार आतून लावायची, पदर खोचायची, किक मारायची. मग ती बाजूला झाली की चंद्रभान गाडीवर बसायचा, आणि दार उघडून असा बाहेर पडायचा की जणू वाघाची शिकार करून आला.

सत्यवती तिच्या ओट्यावरून नवऱ्याला ऐकवायची, "पाहा, चंद्रभानभाऊची गाडी कशी एका किकमधी लागते! नाही तं आमचे पाहा, घंटाभर तमाशा."

चंद्रभान हसून पुढे निघायचा. ते कौतुक त्याने रोज घेतलं. एक दिवससुद्धा नको म्हटलं नाही. पण चौकापर्यंत जाईस्तोवर कान गरम राहायचे.

संध्याकाळचं काय, तर सिव्हिल लाईन्सच्या उतारावर तो गाडी उभी करायचा. सुटी झाली की न्यूट्रलवर सोडायची, वेग आला की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की झाली सुरू. कचेरीतल्या लोकांना वाटायचं, माणूस पेट्रोल वाचवतो. हेडक्लार्क बडेबाबूंनी तर एकदा सगळ्यांसमोर त्याचं उदाहरण दिलं. पंपावर गाडी बंद करायला लावतात, म्हणून पेट्रोल तो सायकलवर पत्र्याची डबकी बांधून आणायचा आणि घरीच ऑईल घालून हलवायचा. बाजारात भाजी घ्यायची तर गाडी चालूच, आणि त्या भुरभुर धुरात भाजीवाली शिव्या देत मेथी तोलायची.

प्रेमिला एकदा म्हणाली, "मी काही चोरी करून राहिली का, की दार लावाव लागते?"

"तुले समजत नाही वं. लोक काय म्हणतीन?"

"लोकाइले दुसरं काम नाही का?"

"नाही," चंद्रभान म्हणाला. आणि ते त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

फाल्गुनात एका सकाळी दार वाजलं. दारात बळीराम उभा होता, प्रेमिलाच्या भावाचा, रुपरावचा सालदार. पहिल्या एस.टी.ने आला होता. त्याच्या तोंडाकडे पाहूनच प्रेमिला खाली बसली.

"बाबाजी गेले, बाई," बळीराम म्हणाला. "रात्रीच. रुपरावभाऊनं सांगतलं, तुमी येईस्तोवर थांबतो. पण ऊन पाहाच ना. लय वेळ ठेवता नाही येत. लवकर निघा. मले अजून कामठीले सांगाले जायचं आहे."

त्यांच्याकडे बाया मसणात जात नाहीत. घरून उचलायच्या आधी तोंड पाहिलं तर पाहिलं. प्रेमिला रडत रडतच उठली, पोरांना सत्यवतीकडे दिलं, आणि पिशवीत काय घातलं-नाही घातलं, दारात येऊन उभी राहिली. "एस.टी.नं जाऊ," ती म्हणाली.

"एस.टी. गावागावात थांबते. स्कूटरनं तिच्या आधी पोचू." हे चंद्रभान खोटं बोलला नव्हता. सासऱ्यावर त्याचाही जीव होता. जावई आला की नत्थूजी स्वतः विहिरीवर नेऊन त्याला ऊस सोलून द्यायचे.

प्रेमिलाने किक मारली. त्या दिवशीही आधी दार लावून घेतलं होतं, हे चंद्रभानला पुढे जन्मभर आठवलं.

पाचगाव मागे पडलं आणि गाडी रिझर्व्हला लागली. घाईत डबकीतलं पेट्रोल टाकीत टाकायचं राहून गेलं होतं. उमरेडचा पंप आला. पंपावरचा माणूस म्हणाला, "गाडी बंद करा, साहेब."

"राहू दे ना गा चालू. घाईत आहो. मौत झाली आहे."

"साहेब, भडका उडाला तं तुमची बी होईन अन् माही बी."

गाडी बंद झाली. पेट्रोल भरलं. चंद्रभानने गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला आणली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुठेच उतार नव्हता. समोर चहाची टपरी होती आणि बाकड्यावर चारजण बशीतून चहा पीत होते.

त्याने किक मारली. मग आणखी एक. मग मोजायचं सोडून दिलं.

"साहेब, चोक देल्ला का?" टपरीवरून आवाज आला.

"आडवी करा साहेब, जरा आडवी करा गाडी!"

"नावानं हाक मारून पाहा तिले!" आणि हसण्याची एक लाट आली.

प्रेमिला डोक्यावरून पदर ओढून उभी होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "मले मारू द्या."

"लोक पाहून राहिले."

"पाहू द्या ना."

"तिकडं उभी राह्य म्हटलं ना!"

ती तिकडे जाऊन उभी राहिली. तो मारत राहिला. आता पेट्रोलचा वास यायला लागला, म्हणजे प्लग भिजला. त्याने प्लग काढला, बोट भाजलं, सदऱ्याच्या टोकाने पुसून पुन्हा बसवला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. एवढ्यात मागून भिवापूरची एस.टी. आली. प्रेमिलाने हात वर केला.

"मी जाते हिच्यानं. तुमी मागून या."

"थांब वं! आता लागते, पाह्य. एकच किक. एकटी कशी जाशीन?"

एस.टी. हळू झाली. कंडक्टरने दारातून डोकं काढून पाहिलं. प्रेमिलाचा हात अर्धा वर, अर्धा खाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने किककडे पाहिलं. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघून गेली.

ती एक किक काही लागली नाही.

शेवटी टपरीवरचे लोकच उठून आले. त्यांचा चहा झाला होता. "चला रे, साहेबाले धक्का देऊ," म्हणत त्यांनी पार पुढच्या वळणापर्यंत ढकलत नेलं, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. चंद्रभान मागे वळून त्यांना दोन शब्दही बोलला नाही. ती माणसं त्याच्या गावची नव्हती, नात्यातली नव्हती, त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. आणि त्यांच्यासमोर आपली अब्रू जाईल म्हणून त्याने बायकोला हात लावू दिला नव्हता.

गावाच्या वेशीवर पोचले तेव्हा माणसं नाल्यावरून आंघोळ करून परतत होती. ओली धोतरं पायाला चिकटलेली. सगळ्यांच्या पुढे रुपराव, डोकं आणि मिशी उतरवलेली. प्रेमिला चालत्या गाडीवरूनच उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. विचारायचं काही उरलं नव्हतं.

"आता आली वं?" रुपराव म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "आई म्हणत होती थांबा, थांबा. किती थांबाव? लोक बोलून राहिले. ऊन कोणासाठी थांबते का?" मग त्याने चंद्रभानकडे पाहिलं. "काहून उशीर झाला, जावाई?"

सगळे ओले चेहरे चंद्रभानकडे वळले. खरं एका वाक्यात मावलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलंसुद्धा. आणि तोंडातून निघालं ते असं:

"घरूनच निघाले उशीर झाला. पोराइचं, हिचं आवरता आवरता..."

प्रेमिलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. फक्त पाहिलं. मग पदर तोंडात धरून घराकडे चालू लागली.

आत तिची आई पार्वतीबाई भिंतीला टेकून बसली होती. चंद्रभानला बाहेर ओट्यावर ऐकू आलं. "बाप मरून पडला होता अन् तुले आवराआवर सुचली वं? कोणती पैठणी नेसून यायचं होतं?" प्रेमिलाने उत्तर द्यावं, सगळ्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडावं, असं चंद्रभानला ओट्यावर बसल्या बसल्या वाटत होतं. पण ती बोलली नाही, आणि तो उठून आत गेला नाही.

प्रेमिला तेरवीपर्यंत माहेरीच राहिली. चंद्रभान दुसऱ्या दिवशी नाल्याच्या उताराने गाडी सुरू करून नागपूरला परतला. घरी आला, गाडी छपरीत लावली, आणि सकाळी त्याला आठवलं की आता किक मारायला कोणी नाही. त्याने सवयीने दार लावून घेतलं. मारली, मारली, आणि शेवटी पायरीवर बसून राहिला. मग डबा न घेताच दार उघडून सायकल काढली.

सत्यवती ओट्यावर पोरींच्या वेण्या घालत होती. "काहून भाऊ, प्रेमिला नाही तं स्कूटर बी रुसली का?"

तो चपापला. "म्हणजे?"

"अव् माय, म्हणजे काय म्हणजे? किक तं तेच मारते ना."

"तुमाले... कोण सांगतलं?"

सत्यवतीने कंगवा थांबवला. ती चेष्टा करत होती, पण त्याचं तोंड पाहून तिचा आवाज खाली आला. "सांगाले कायले पाहिजे, भाऊ? किक मारतानी बांगड्या वाजते. तुमी का बांगड्या घालता?"

"साऱ्याइलेच माहीत आहे?"

"गल्लीत तं साऱ्याइलेच. दोन वर्षं झाले असतीन. आमचे हे म्हणत, जाऊ दे, त्याले बरं वाटते तं आपण काहून बोलाव? म्हणून तं मी रोज तुमची तारीफ करो."

चंद्रभान सायकल हातात धरून उभा राहिला. ज्या झाकल्या मुठीसाठी प्रेमिलाने बापाचं तोंड गमावलं, ती मूठ दोन वर्षं उघडीच होती. लोक पाहत होते, समजत होते, आणि त्याची कीव येऊन गप्प बसत होते. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी कचेरीत त्याने एका शेतकऱ्याचं नाव दुसऱ्याच्या जमिनीवर चढवलं आणि बडेबाबूंची बोलणी निमूट ऐकून घेतली. इतकी निमूट, की बडेबाबूंनाच वाईट वाटलं.

तेरवीच्या दिवशी सकाळी त्याने छपरीचं दार सताड उघडलं, गाडी रस्त्यावर आणली आणि रविंद्रला हाक मारली. "भाऊ, जरा धक्का द्या ना. मले किक लागत नाही."

"द्या म्हणजे? देतोच!" रविंद्र म्हणाला, आणि गल्लीतले आणखी दोघे धावले. एवढंच. कोणी काही म्हटलं नाही. आभाळ जागच्या जागी होतं. टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. वाटेत त्याने गाडी कुठेच बंद केली नाही.

सासरी अंगणभर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मेल्या माणसाचं पीक म्हणून कोणी उन्हातलं उचललं नव्हतं. माणसं खोकत खोकत मांडवात बसली होती. प्रेमिलाने त्याला पाणी आणून दिलं. तांब्या हातात न देता बाजूला ठेवला. ती बारीक झाली होती. थोरली बहीण रुख्मिणी आईशेजारी बसून बुंदी वाढायला काढत होती, आणि प्रेमिला एकटीच परसात भांडी घासत होती. तिला कोणी काही लावून बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं.

जेवणं झाली. त्या घराण्यात रीत होती की तेरवीला भावाने बहिणींना पातळ द्यायचं आणि म्हणायचं, बाप गेला तरी हे घर तुमचंच, येत जा. रुपरावने रुख्मिणीच्या हातात पातळ ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून ते वाक्य म्हटलं. मग दुसरं पातळ उचललं, प्रेमिलाकडे पाहिलं, आणि ते बाजूच्या खाटेवर ठेवून दिलं. "हे तुहं," एवढंच म्हणाला आणि वळला.

प्रेमिला खाली पाहत उभी राहिली. खाटेवरचं पातळ तिने उचललं नाही.

"रुपराव, थांबा," चंद्रभान म्हणाला. तो उठून उभा राहिला होता, केव्हा उठला ते त्यालाच कळलं नव्हतं. "त्या दिवशी उशीर हिच्यानं नाही झाला. उमरेडले पंपावर गाडी बंद झाली होती."

"मंग तसं सांगाले काय झालं होतं? गाडी तं कोणाचीही बंद पडते."

"पडली नव्हती. मी बंद केली. मंग मले चालू करता आली नाही. मले किक लागत नाही, रुपराव. कधीच नाही लागत. घरी बी हेच मारते, दार लावून. तिथं ही म्हणे, मले मारू द्या. मी म्हटलं, लोक पाहून राहिले. एस.टी. आली, तिच्यानं बी नाही जाऊ देल्लं. अन् इथं येऊन तुमच्यापुढं हिच्याच नावावर ढकललं."

मग कोपऱ्यातले मारोतराव, नत्थूजीचे कानाने मंद झालेले चुलतभाऊ, मोठ्याने म्हणाले, "काय म्हणते जावाई?"

शेजारच्याने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "म्हणते, स्कूटर बायको चालू करून देते!"

"मंग त्यात काय झालं? माह्या घरी बैल बी बुढीच जुंपते!"

माणसं हसली. तेरवीच्या मांडवात, पण हसली. चंद्रभानने एवढी वर्षं ज्या हसण्याच्या भीतीने दारं लावली होती, ते हसणं एवढंच होतं. खोकल्याच्या उबळीएवढं. तो तिथे उभा होता आणि त्याला वाटत होतं, आणखी हसा, पोट धरून हसा.

"हासू नका," पार्वतीबाई म्हणाली.

ती उंबऱ्यात चौकट धरून उभी होती.

"जावाईबापू, तुमाले किक लागत नाही, नसन लागत. पण माह्या लेकीनं बापाचं तोंड नाही पाह्यलं. ते आता कोण दाखवणार आहे तिले?"

चंद्रभान खाली पाहत राहिला. सारवलेल्या जमिनीवर मिरचीचं बी पडलं होतं, ते पाहत राहिला. खाटेवरचं पातळ उचलून पार्वतीबाई प्रेमिलाकडे गेली, ते तिच्या खांद्यावर टाकलं, आणि तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं. "मायबाई, तू बोलली काहून नाही वं?" ती म्हणाली, आणि दोघी इतक्या रडल्या की रुख्मिणीही बुंदीची परात सोडून धावली. रुपराव बाहेर जाऊन उगाच बैलांपुढचा चारा सारखा करत राहिला.

चंद्रभान उभाच होता. त्याला बसा म्हणायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि आपणहून बसायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ आली. अंगणात सगळं घर, शेजारपाजार, पाणी भरायला निघालेल्या बायासुद्धा थांबल्या. कालची गोष्ट गावभर झाली होतीच. चंद्रभानने गाडी स्टँडवर लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मार वं. तूच मार."

प्रेमिलाने त्याच्याकडे पाहिलं. नवं पातळ खोचलं, पाय ठेवला, जड लागेपर्यंत दाबला, आणि दण्णकन मारला.

गाडी नुसती फुसफुसली.

पुन्हा मारली. पुन्हा फुस्स. गाडी रात्रभर उघड्यावर दवात उभी होती. तिने चोक ओढला, आडवी केली, परत उभी केली, मारली. चंद्रभान तिच्यापेक्षा जास्त घामाघूम झाला.

"बाप्पा!" रुपराव म्हणाला. "म्हणजे दोघाइलेही लागत नाही!"

सगळं अंगण खदखदलं. प्रेमिलाच्या तोंडावर हात गेला, आणि हाताच्या आडून तीही हसली. डोळे सुजलेले होते तरी हसली. मग रुपराव आणि बळीराम मागे लागले, चंद्रभान हँडल धरून पळाला, वाळत्या मिरच्या चुकवता चुकवता तिघेही खोकले, आणि नाल्याच्या उतारावर एकदाची गाडी सुरू झाली. प्रेमिला मागून चालत आली. रुपरावने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काल राहिलेलं वाक्य म्हटलं. मग ती पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली.

गाव दिसेनासं झाल्यावर ती त्याच्या कानाशी म्हणाली, "सांगतलं, ते बरं केलं."

"हाव," चंद्रभान म्हणाला.

बराच रस्ता गेला. दोन्हीकडे कापसाची रिकामी शेतं होती, पऱ्हाटी उपटून काढलेली.

"पण मी नाही विसरणार," प्रेमिला म्हणाली.

"हाव," तो म्हणाला, आणि गिअर बदलला.